केरसुणीला 'लक्ष्मी' का म्हणतात?

नाशिकरोडहून प्रश्न आलाय: "आजी रोज सांगते, 'लक्ष्मीला पाय लावू नको, आडवी ठेव.' केरसुणीला लक्ष्मी का म्हणायचं? आणि केरसुणी म्हणजेच खराटा का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं: नाही. केरसुणी शिंदीच्या पानांची, मऊ, घरात वापरायची. खराटा हिरांचा किंवा तुरकाट्यांचा, अंगणाचा आणि खळ्याचा. गाडगेबाबांच्या हातात असतो तो खराटा. त्याला केरसुणी म्हटलं तर जुनी माणसं लगेच टोकतील. झाडू हा आता सगळ्यांनाच चालणारा शब्द, पण 'झाडू मारणे' हिंदीच्या वळणाचं आहे. मराठीत केर काढतात. (आणि 'झाडून सगळे आले' म्हणतो तेव्हा कोपराही न सोडता झाडलेलं घरच डोळ्यांपुढे असतं.)

अमरकोशात झाडूला 'संमार्जनी' आणि 'शोधनी' असे दोन शब्द आहेत. शोधनीचं प्राकृतात सोहणी होतं. केरसुणीतली 'सुणी' तिथलीच, ही व्युत्पत्ती मला पटते.

आता लक्ष्मी. लक्ष्मीच्या हातात कमळ असतं. झाडू असतो तो तिच्या थोरल्या बहिणीच्या, ज्येष्ठेच्या म्हणजे अलक्ष्मीच्या हातात. शीतलादेवीच्या स्तोत्रातही देवी 'मार्जनीकलशोपेता' आहे, गाढवावर बसलेली. मग पूजा कसली? अलक्ष्मीला बाहेर काढणाऱ्या हत्याराची. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन झाल्यावर, उत्तररात्री घर झाडून, सूप वाजवत अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालवायची रीत आहे. 'लक्ष्मी' हे त्या हत्याराला दिलेलं मानाचं नाव. बांगडी फुटली तरी आपण 'वाढवली' म्हणतो, त्याच जातीचं.

दिवाळीत नाशकात रविवार कारंजा, मेन रोडला नवी केरसुणी घ्याल तेव्हा मूठ दाबून पाहा. बांधणी सैल असेल तर चार दिवसांत पानं गळतात. हळदकुंकू मुठीला, कोरडंच. पानांना ओलं लावलं की तिथे बुरशी धरते. पूजेनंतर दगडावर आपटून भुसा काढा, नाहीतर पहिले काही दिवस केर काढण्याऐवजी केर होतो. ओल्या अंगणाला ती लावू नका, शिंदी कुजते.

आजीचं 'आडवी ठेव' यात भांडणं होतील ही भीती आहे, पण पानांवर उभी केली की ती मुडपून फिसकारतात, हेही आहे. मुठीला दोरी घालून टांगलेली सगळ्यांत टिकते. तिन्हीसांजेला केर काढू नये, यामागे समईचा मिणमिणता उजेड: मंगळसूत्राचा मणी, नथीचा मोती केरात गेला तर दिसणार कसा? म्हणून दिवेलागणीनंतर झाडावंच लागलं तर केर कोपऱ्यात ठेवून सकाळी टाकतात.

कोणी बाहेर पडलं की लगेच केर काढत नाहीत, त्याला मात्र अशी व्यवहारी बाजू नाही. मयत उचललं की मागून घर झाडतात, म्हणून तो वेळ टाळायचा. मुलाची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर केरसुणीच्या काड्या ओवाळून जाळतात, ते पुन्हा अलक्ष्मीला घालवण्याचंच काम: घरातली पीडा झाडायची ती बाळाच्या अंगावरून.