लिहित्यांच्या शंका : कात्री लावलेली पानं

प्रश्न : माझी कादंबरी १९८२च्या गिरणी संपाच्या काळात लालबागच्या एका चाळीत घडते. पहिला खर्डा १ लाख १० हजार शब्दांचा झालाय. निदान १५ हजार शब्द कमी करा, असं सगळे सांगतात. प्रसंग काढला की पुढचे धागे तुटतात आणि टाकून द्यायलाही जीव होत नाही. काय करू? – एक वाचक, परळ

उत्तर : आधी खर्ड्याची जशीच्या तशी एक प्रत करा, नावात तारीख घाला आणि तिला पुन्हा हात लावू नका. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अगदी अंतिम' ही नावं नकोत. दोन महिन्यांनी त्यातली खरी कोणती, हे तुम्हालाच कळणार नाही.

मग 'काढलेले प्रसंग' अशी वेगळी फाइल उघडा. प्रसंग तिथे आधी चिकटवा, फाइल सेव्ह करा आणि मगच मूळ फाइलमधून काढा. प्रत्येकाच्या डोक्यावर प्रकरण, आधीचं आणि नंतरचं वाक्य, काढण्याचं कारण आणि प्रसंगाबरोबर कोणती माहिती गेली, एवढं लिहा. या शेवटच्या नोंदीचा कंटाळा सगळेच करतात, आणि ती नसली की फाइलचा माळा होतो : सगळं आहे, सापडत काही नाही.

समजा, पाचव्या प्रकरणात आईच्या पाटल्या गहाण टाकायचं ठरतं. प्रसंग रेंगाळतो म्हणून तुम्ही काढला. चौदाव्यात मुलगी आईच्या मोकळ्या मनगटांकडे बघते, पण पाटल्या गेल्याचं वाचकाला ठाऊकच नाही. यासाठी अख्खा प्रसंग परत आणायची गरज नाही. सहाव्यात 'पाटल्या पेढीवर गेल्या आणि महिन्याचं वाणी-बिल भागलं' एवढं वाक्य पुरतं. तारखांचंही तसंच. संप १८ जानेवारीला सुरू झाला. तो दिवस सांगणारं पान गेलं, तर पुढचं 'चौथा महिना लागला' अधांतरी राहतं.

तुटलेले धागे शोधायला मूळ फाइलमध्ये 'पुन्हा', 'तोच', 'तीच', 'त्या रात्री', 'मघाशी' हे शब्द शोधा. वस्तू शोधताना सामान्यरूपं आडवी येतात : 'जिना' शोधलं तर 'जिन्यात' हाती लागत नाही. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधायची.

'ट्रॅक चेंजेस' (खोडलेलं-घातलेलं खुणांसह दाखवणारी सोय) वाक्यदुरुस्तीला उत्तम, पण अख्खे प्रसंग त्याच्या भरवशावर ठेवू नका. सगळे बदल एकदम स्वीकारले की खोडलेला मजकूर त्या फाइलमधून गेलाच.

सुरुवात कुठून? एकसारखंच काम करणाऱ्या प्रसंगांपासून. नळावरची भांडणं तीन असतील, तर ज्यानंतर कुणाचं तरी बोलणं बंद होतं तेवढं ठेवा.

प्रश्न : असा काढलेला प्रसंग कथा म्हणून दिवाळी अंकाला पाठवला तर चालेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : चालेल, पण तसाच उचलून नको. कादंबरीत आधीची शंभर पानं पात्रांची ओळख करून देतात, कथेत ती पहिल्या अर्ध्या पानात व्हायला हवी. शेवटही बहुधा नव्याने लिहावा लागतो, कारण मूळ प्रसंग पुढच्या प्रकरणाकडे बोट दाखवून थांबलेला असतो. कादंबरीचा करार झाला असेल, तर प्रकाशकाला आधी विचारा. संपादकांनाही मजकूर कुठून आला ते कळवा. आणि पाठवायचं ते पावसाळ्याच्या सुरुवातीलाच. गणपतीनंतर अंकाची पानं छपाईसाठी लागायला लागतात.