खाडीतल्या टूर्नामेंटसाठी सॉफ्ट प्लास्टिक लूर कुठले घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की ठाण्यात राहता, पुढच्या महिन्यात एका ग्रुपची काठावरून कॅच अँड रिलीज, म्हणजे मासा मोजून परत सोडायची, स्पर्धा आहे, सकाळी सहा ते साडेअकरा, जिताडा, तांब आणि रावस या तीनच माशांची लांबी मोजणार, बजेट तीन हजार, तर सॉफ्ट प्लास्टिक लूरमध्ये, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या खोट्या आमिषांमध्ये, कुठले रंग घेऊ. मी ऐरोलीत राहतो, बारा वर्षं झाली खाडीत लूर टाकतोय, बेलापूर, गायमुख, उरण-करंजा सगळीकडे फिरलोय आणि अशा चार-पाच स्पर्धा खेळलोय, त्यामुळे आधीच सांगतो, रंगाचं शेवटी बघू. आधी तारीख सांगा. म्हणजे मला नको, तुम्ही स्वतः कॅलेंडर काढा आणि त्या दिवशी तिथी कुठली आहे ते बघा, कारण तुमची निम्मी खरेदी तिथीवर ठरणार आहे.

हे मला बेलापूरच्या दिवाळे गावातल्या एका कोळी काकांनी शिकवलं. ते जिवंत कोळंबी लावून गरी टाकायचे, मी शेजारी उभा राहून दर दहा मिनिटांनी लूर बदलत होतो, तेव्हा म्हणाले, "आधी पानी बग, मंग गरी." त्यांचा हिशोब साधा आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, मुंबईच्या बाजूला भरती साधारण किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. खाडीत आत जाल तशी थोडी उशिरा, पण अंदाज पक्का मिळतो.

आता हे तुमच्या वेळेवर बसवून बघा. स्पर्धा पौर्णिमेच्या आसपास असेल तर पहाटे पाचच्या सुमाराला पाणी तळाला गेलेलं असणार आणि तुमचे साडेपाच तास म्हणजे पूर्णच्या पूर्ण भरती, तीही उधाणाची. उधाणाला इथे भरती साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते, एवढं पाणी सहा तासात आत शिरतं म्हणजे ओढ काय असेल विचार करा, आणि सगळा चिखल ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास असेल तर उलट, तुम्ही पहिला कास्ट, म्हणजे पहिली फेक, टाकाल तेव्हा भरती भरलेली असेल आणि दुपारपर्यंत नुसती ओहोटी, पण भांगेची, म्हणजे संथ, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. या दोन दिवसांना एकच पाकीट घेऊन जाणं म्हणजे मे महिन्यात आणि जुलैमध्ये एकच चप्पल घालण्यासारखं आहे.

म्हणून वजन. सॉफ्ट प्लास्टिक हे नुसतं रबरासारखं शरीर असतं, त्याला जीव देतं ते जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला हुक, आणि जिगहेडचं एकच काम की लूर माशाच्या पातळीला नेऊन ठेवायचं. आपल्या खाडीत जिताडा आणि तांब बहुतेक वेळा तळाजवळ, आडोशाला, दगडाच्या नाहीतर खांबाच्या मागे जिथे ओढ तुटते तिथे उभे असतात. तुमचं लूर वरच्या वर वाहून गेलं तर ते कितीही सुंदर असो, माशाला दिसणारच नाही. माझ्या दुसऱ्या स्पर्धेत माझ्याकडे अकरा रंग होते आणि सगळे सात ग्रॅमच्या जिगहेडवर, उधाणाची ओहोटी जोरात चालू होती, अडीच तासात मला एकदाही तळ लागला नाही आणि हे मला घरी आल्यावर कळलं. शेजारचा माणूस एकच पांढरा पॅडल टेल वीस ग्रॅमवर टाकत होता, त्याला दोन तांब आणि एक जिताडा.

तळ लागतो का ते असं बघायचं. कास्ट केलात, लूर पाण्यात पडलं, की मनात आकडे मोजा आणि ब्रेडवर, म्हणजे रीळवरच्या विणलेल्या लाइनवर, नजर ठेवा. लूर बुडतंय तोवर लाइन सरसर जात राहते, तळाला टेकलं की एकदम सैल पडते. आठ-दहाच्या आत सैल पडली तर वजन बरोबर. पंधरा झाले तरी जातेच आहे तर जड जिगहेड लावा. तीन मोजायच्या आत दाणकन टेकलं तर हलकं करा, नाहीतर प्रत्येक कास्टला चिखल नाहीतर कालवं ओढून आणाल. चिखलाचा तळ मऊ लागतो, लोण्यात बोट घातल्यासारखा, आणि कालवांचा खडक रॉडच्या टोकाला खट खट सांगतो, ही खटखट जिथे लागेल ती जागा लक्षात ठेवा, तांब तिथेच सापडतो. मी स्वतः सात, दहा, चौदा आणि एकवीस ग्रॅम अशी चार वजनं ठेवतो. भांगेला सात-दहा, उधाणाला चौदा-एकवीस, बस.

जिगहेड घेताना हुक बघून घ्या, इथे पैसे वाचवू नका. एकदा मी स्वस्तातली बिननावाची पुडी घेतली होती, बेलापूरला जिताडा लागला, पहिली उडी मारली, दुसरी मारली आणि सुटला, वर काढलं तर हुक जवळजवळ सरळ झालेला. अजून तो हुक माझ्या बॉक्समध्ये आहे, नवीन खरेदी करताना मी तो हातात घेऊन बघतो. जाड तारेचा हुक, चार इंची लूरला साधारण ४/० नंबरचा आणि पाच इंचीला ५/०, आणि लूरच्या पाठीतून बाहेर आल्यावर हुकच्या पोटात मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर सगळं प्लास्टिकने भरून जातं आणि टोक माशाच्या जबड्यात रुततच नाही. तीन हजारातले निम्मे तरी जिगहेड आणि हुकवर जाऊ द्या.

आता आकार. मला विचाराल तर तीनच. पहिला पॅडल टेल, चार इंची. शेपटीला तो चपटा तळवा असतो तो पाण्यात धपधप हलतो आणि गढूळ पाण्यात हीच थरथर कामाची, कारण माशाच्या अंगावरच्या बाजूच्या रेषेला ती दुरून जाणवते, डोळ्याला दिसायच्या आधी. उधाण असेल तर दिवसभर हाच. दुसरा कोळंबीच्या आकाराचा, तीन-साडेतीन इंची. भांगेच्या ओहोटीला तिवरांच्या मधून जे बारीक ओहळ खाडीत उतरतात त्यांच्या तोंडाशी करंदी, बोयांची पिल्लं, सगळं पाण्याबरोबर बाहेर येतं आणि जिताडा तिथेच वाट बघत असतो, तिथे कोळंबी हळू, दोन छोट्या उड्या आणि थांबा, पुन्हा दोन उड्या आणि थांबा, घास बहुतेक थांबल्यावरच येतो. तिसरा शेपटीला काही नसलेला लांबट, ज्याला जर्क शॅड म्हणतात, पाच इंची. रावस मोकळ्या पाण्यात बोयांच्या मागे लागलेला असतो तेव्हा हा झटक्यात डावीकडे उजवीकडे पळवता येतो. कर्ली टेल, खेकडा, बेडूक वगैरे चांगलेच आहेत पण पहिल्या स्पर्धेला नको, साडेपाच तासात बॉक्स उघडण्यात वेळ जातो.

यातला एक प्रकार तरी वीडलेस लावायला शिकून जा. म्हणजे हुकचं टोक लूरच्या पाठीत परत लपवायचं. तिवरांची ती वर आलेली श्वासमुळं, जुन्या जाळ्यांचे तुकडे, दोर, यात उघडा हुक दुसऱ्या कास्टलाच अडकतो आणि लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाला बांधलेला जाड लाइनचा तुकडा, तोडून पुन्हा बांधेपर्यंत दहा मिनिटं गेली. यासाठी पोटाला वजन असलेले हुक मिळतात.

आणि आता जी गोष्ट मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो, लूर हुकवर सरळ बसवा. हे घरी बसून करायचं काम आहे. लूर हातात घेऊन उजेडात धरलंत तर साच्याची एक बारीक रेघ नाकापासून शेपटीपर्यंत दिसते. हुकचं टोक नाकाच्या बरोबर मध्यावर ठेवा, आत घालायच्या आधी जिगहेड लूरच्या शेजारी आडवं धरून बघा हुक कुठे वळतो आणि तिथे नखाने खूण करा. मग हुक आत ढकलत न्या, प्लास्टिक हुकवर सरकवत न्या, ओढू नका, आणि त्या रेघेवरच, खुणेवर बाहेर काढा. हातात धरल्यावर कुठेही कुबड दिसत नाही, पोटाला सुरकुती नाही, तर झालं. दोन मिलिमीटर जरी चुकलं तरी लूर पाण्यात फिरक्या घेतं, त्याला मासा येत नाही आणि लाइनला पीळ बसतो तो वेगळाच. मी आदल्या रात्री दहा लूर बसवून ठेवतो आणि काठावर पोचल्यावर प्रत्येक लूर आधी पायाशीच पाण्यात एक मीटर ओढून बघतो, तिरकं चालत असेल तर काढून परत. मासा चावून नाक फाटलं तर सुपर ग्लूचा एक थेंब, ती ट्यूब खिशात पाहिजेच.

साठवताना एक लक्षात ठेवा. नेहमीचं सॉफ्ट प्लास्टिक पीव्हीसीचं असतं आणि काही खूप ताणली जाणारी, पाण्यावर तरंगणारी असतात ती टीपीई नावाच्या वेगळ्या पदार्थाची. ही दोन एका कप्प्यात ठेवली की एकमेकांना वितळवतात. माझा उन्हाळ्यात गाडीत राहिलेला एक बॉक्स उघडला तर आत गुलाबी-हिरवा चिकट गोळा, वीस-बावीस लूर गेले. ज्याच्या त्याच्या पाकिटातच ठेवा. आणि वासाची पाण्यात भिजवलेली, गल्प ब्रँडसारखी घेतलीत तर पाकीट घट्ट बंद ठेवा, हुकवर उन्हात राहिली की वाळून कडक होतात. तसंही वासाची लूर चालतात का हे आयोजकांना आधी विचारा, काही स्पर्धांमध्ये नियम वेगळा असतो.

रंग आता. गढूळ पाण्याला एक पांढरा आणि एक पोपटी-पिवळा म्हणजे शार्ट्रूज. त्यातल्या त्यात स्वच्छ पाण्याला कोळंबीसारखा तपकिरी, सोनेरी चमक असलेला. पहाटे अंधुक उजेडात काळा किंवा गडद जांभळा, कारण मासा खालून वर बघतो आणि उजळत्या आभाळासमोर गडद आकृती उठून दिसते. चार रंग झाले. अमेरिकेतले फ्लोरिडा-टेक्सासचे व्हिडिओ बघून तुम्ही रंग ठरवत असाल तर ते उथळ, गवताळ तळाच्या पाण्यात रेडफिशसाठी खेळतात, कित्येकदा मासा डोळ्याने बघून त्याच्यावर कास्ट करतात. आपल्याकडे वीतभर खालचं दिसत नाही. त्यांची गाठ बांधायची पद्धत, रॉड धरायची पद्धत जरूर शिका, पण वजन आणि रंग इथल्या पाण्यावरून.

लीडर तीस-चाळीस पाउंडाचा घ्या, जिताड्याचा जबडा कानशीसारखा खरखरीत आणि कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, बोट घालू नका. शिंगाळा लागेलच, त्याच्या काट्यांना विष असतं, पक्कडीनेच सोडवा.

आणि हुकचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासे सुटतील अशी भीती वाटते, मलाही वाटायची, पण लाइन ताणलेली ठेवलीत तर फारसे सुटत नाहीत आणि मोजून परत सोडताना जबडा फाटत नाही. जिताडा जन्माने नर असतो आणि मोठा झाल्यावर, साधारण ऐंशी सेंटिमीटर-मीटरच्या आसपास, मादी होतो, म्हणजे तुमच्या मोजायच्या फळीवर जो सगळ्यात लांब मासा येईल ती बहुतेक अंड्यांची मादीच. हात ओले करा, पोटाखाली हात द्या, तोंडाला धरून उभा लटकवू नका, फोटो काढून लगेच पाण्यात, आणि ओढ जिकडून येते तिकडे तोंड करून धरून ठेवा जोवर ती स्वतः शेपटी मारत नाही. फाटलेली लूर खिशात टाका, खाडीत टाकू नका, ती कुजत नाहीत आणि मासे गिळतात. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला, तिथे स्पर्धेच्या जागेची हद्द आयोजकांकडून नकाशावर बघून घ्या, अंदाजाने आत शिरू नका.

तारीख कळली की इथेच खाली लिहा, तिथी बघून कुठल्या वजनाची किती घ्यायची ते सांगतो. आणि शक्य झालं तर त्याच तिथीला, म्हणजे पंधरा दिवस आधी, त्याच जागेवर त्याच वेळेला एकदा जाऊन या, पाणी जवळपास तसंच चालेल.