रन अँड गन की लो पोस्ट?

प्रश्न : सर, मी वेंगुर्ल्याचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन सीझन 'बझरबीटर' हा इंटरनेटवरचा बास्केटबॉल संघ चालवायचा गेम खेळतोय. माझा सेंटर आणि पॉवर फॉरवर्ड (रिंगजवळ खेळणारे दोघे) आमच्या लीगमध्ये कुणाला ऐकत नाहीत, तरी आम्ही तळाला. ऑफेन्स (हल्ल्याची पद्धत) कायम 'रन अँड गन' ठेवतो, कारण हल्ली सगळे थ्रीवरच (दुरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटवर) जिंकतात. गेल्या ५ सामन्यांत ११८ थ्री मारले, ३३ पडले. टू १४० मारले, ७० पडले. कुठे चुकतंय?

उत्तर : आकडे पाठवलेस ते फार बरं केलंस, कारण उत्तर त्यातच आहे. ३३ थ्रीचे झाले ९९ गुण, म्हणजे एका शॉटमागे ०.८४. टूचा हिशेब सरळ, एका शॉटमागे पूर्ण १ गुण. निम्मे टू पडत असतील तर थ्री तीनांतला एक तरी पडलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक थ्रीमागे तोटा. तुझे २८ टक्के पडतायत. थ्रीवर जिंकणारे संघ तू बघतोस, पण त्यांच्या गार्डांचा (बाहेरून बॉल खेळवणाऱ्यांचा) जंप शॉट आणि जंप रेंज, म्हणजे किती लांबून शॉट जमतो ते, बघ आणि मग तुझ्या गार्डांची पानं उघड. रन अँड गनमध्ये सगळा भर बाहेरच्या शॉटवर. तुझी दोन भारी माणसं आत उभी, आणि बॉल त्यांच्या डोक्यावरून जातोय.

तेव्हा आतला ऑफेन्स घे, लो पोस्ट किंवा लुक इनसाइड. पण त्याआधी एक गोष्ट तपास, आणि ती सेंटरची नाही, गार्डांची आहे.

मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी २६ वर्षं पी.टी. शिकवली. आमचं कोर्ट मातीचं, कडेला जांभ्याचे चिरे लावलेले. रिंगला रापणीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलेला होता. एका वर्षी नववीत एक उंच मुलगा आला. घरची रापण, लहानपणापासून जाळं ओढून मनगटं अशी झालेली की त्याच्या हातातला बॉल कुणाला काढता यायचा नाही. मी नियम केला की बॉल त्याच्या हाताला लागल्याशिवाय कुणी शॉट मारायचा नाही. पहिल्या दिवशी दहातले चार पास त्याच्यापर्यंत पोचले. बाकीचे सहा मधल्या मध्ये गेले, कारण पोरं छातीपासून सरळ पास द्यायची आणि समोरच्याचे हात नेमके तिथेच. पुढचे पंधरा दिवस आम्ही शॉट मारलाच नाही. नुसता बाउन्स पास. बचावाच्या हाताखालून, टप्पा त्या मुलाच्या दोन पावलं अलीकडे. मग तो मुलगा खेळायला लागला, म्हणजे खरं तर बाकीचे चार खेळायला लागले.

या गेममध्येही हीच गोम आहे. आतल्या ऑफेन्सला सेंटरचा इनसाइड शॉट लागतो हे सगळ्यांना कळतं. गार्डाचं पासिंग आणि हँडलिंग कुणी बघत नाही. ते कच्चं असेल तर ऑफेन्सिव्ह फ्लो (हल्ल्याची लय) पडतो आणि तुझा सेंटर वाईट जागेवरून शॉट मारतो. म्हणून लो पोस्ट आजच लाव, पण ट्रेनिंग मात्र पासिंगला वळव. आणि समोरच्यांनी २-३ झोन (दोघे पुढे, तिघे रिंगजवळ असा बचाव) लावला तर ते आतच गर्दी करतील, हे धरून चाल. त्या दिवसापुरता 'पेशंट' हा सबुरीचा ऑफेन्स बरा.

प्रश्न : आम्ही वरच्या लीगमध्ये चढलो आणि आता प्रत्येक संघ आमच्यापेक्षा भारी आहे. 'पुश द बॉल' हा वेगवान ऑफेन्स लावून जोरात खेळू का? (गुहागर)

उत्तर : नको. मनापासून सांगतो, नको. आपल्याकडे किनाऱ्यावर अंडरआर्म क्रिकेटच्या सामन्यांत ३ ओव्हरच्या खेळात कुठलीही वाडी कुठल्याही वाडीला हरवते. तेच संघ २० ओव्हर खेळवा, भारी संघच जिंकणार. बास्केटबॉलमध्ये ओव्हर म्हणजे पझेशन, बॉल हातात आल्यावरची एकेक संधी. जोरात खेळलात की पझेशन वाढतात, आणि वाढलेलं प्रत्येक पझेशन भारी संघाच्या पथ्यावर पडतं. कमकुवत संघाने खेळ आवळायचा. पेशंट, लो पोस्ट, प्रिन्स्टन हे तिन्ही संथ ऑफेन्स आहेत. तुमचं बळ कुठे आहे ते बघून त्यातला एक घ्या.

प्रिन्स्टन हे नाव गेमवाल्यांनी मनाने दिलेलं नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पीट कॅरिल यांनी १९६७ ते १९९६ अशी २९ वर्षं कोचिंग केलं. तिथे बास्केटबॉलसाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यामुळे उड्या मारणारी पोरं दुसरीकडे जायची. कॅरिल यांनी पाचही जणांना पास द्यायला शिकवलं, सेंटरलासुद्धा. बचाव करणारा बॉल अडवायला पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे पळायचं. १९९६ च्या एनसीएए या कॉलेज संघांच्या स्पर्धेत त्यांच्या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए विद्यापीठाला हरवलं, ४३-४१. दोन्ही संघांचे मिळून ८४ गुण! निर्णायक बास्केट शेवटच्या चार सेकंदांत, आणि तीही अशीच पाठीमागून पळून घेतलेल्या पासवर. तो स्कोअर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

तुमच्या गार्डांचं पासिंग चांगलं असेल तर प्रिन्स्टन जरूर लावा, नसेल तर पेशंट. एक जपा : समोरचा तुमचे जुने सामने उघडून बघतो आणि गेम डे प्रेपमध्ये (सामन्याआधी अंदाज बांधायची सोय) तुमचा रोख आणि वेग ओळखून फायदा उठवतो. तीन आठवडे एकच ऑफेन्स ठेवलात तर चौथ्या आठवड्यात तो तयार बसलेला असेल. ज्या सामन्यात तुमची हार-जीत फारशी महत्त्वाची नाही, त्यात दुसरं काही लावत जा.

प्रश्न : पावसात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात. लाइनअप (कोण खेळणार ती यादी) भरायची राहून जाते. (दापोली)

उत्तर : रेंज असेल त्या दिवशी पुढच्या तीन सामन्यांची लाइनअप आणि ऑफेन्स भरून टाका, आधी भरता येतं. जूनपासून मी दर रविवारी सकाळी बाजारातून आल्यावर पहिलं काम हेच करतो. मग मधे बदल सुचला आणि रेंज मिळाली तर बदलायचं, नाही मिळाली तर संघ निदान तुम्ही ठरवलेलाच उतरतो.