टॉम विल्स खेळाडू म्हणून खरंच मोठा होता, की नुसते ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे नियम लिहून पुतळा मिळाला?

खेळाडू म्हणूनही मोठाच होता. पण हा सवाल मी आमच्या मेव्हण्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकतो.

मेलबर्नला एमसीजीबाहेर त्याचा पुतळा आहे. 7 ऑगस्ट 1858 च्या शाळांच्या सामन्यातला अंपायर विल्स, आणि चेंडूवर तुटून पडलेली दोन पोरं. मागे मॅचला जाताना मेव्हणा तिथंच थबकला. "बेवड्याचा कसला पुतळा? या खेळाचा जनक हॅरिसन!" बायको डोळे वटारतेय, लोक वळसा घालून गेटकडे पळतायत, आणि आम्ही दोघं भर रस्त्यात 1859 उकरत उभे. चेंडू आपटून सामना सुरू करतात तो पहिला बाउन्स हुकला तो हुकलाच.

अहो, 17 मे 1859 ला परेड हॉटेलात दहा नियम लिहायला बसलेल्या चौघांत विल्स होता, हॅरिसन नव्हता. हॅरिसनचा हात 1866 च्या सुधारणेत, तेवढं मान्य. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांनी अंग आखडून बसू नये, फुटबॉल क्लब काढावा, हे पत्रही 1858 च्या जुलैत विल्सनेच छापून आणलं. आणि हॅरिसन त्याचा कोण? बहिणीचा नवरा. 'जनक' ही पदवी मेव्हण्याने पळवली, याचं मला तरी नवल वाटत नाही.

राहिली दारू. 1861 मध्ये क्वीन्सलँडात कलिन-ला-रिंगो या ठिकाणी त्याच्या वडिलांसह 19 जण आदिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. हा कामासाठी बाहेर होता म्हणून वाचला. तरी 1866 ला एमसीजीवर उतरलेल्या आदिवासी क्रिकेट संघाचा कोच आणि कॅप्टन हाच. असा माणूस प्यायला, तर प्यायला. 1880 मध्ये त्याने आत्महत्या केली, तेव्हा वय अवघं 44.

हां, तुमचा प्रश्न. आधी मेलबर्न क्लबचा कॅप्टन, पुढे मुख्यतः जिलाँग क्लबकडून, आणि 1870 च्या दशकातही मैदानात. गोलांचे आकडे बघून त्याला तोलू नका, तेव्हा गोल मोजकेच व्हायचे. पुतळ्यातला तो सामना तीन शनिवार चालून 1-1 बरोबरीत सुटला!

एक मात्र सांगतो, खेळ त्याने आदिवासींच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळावरून उचलला असं ठोकून देऊ नका. लहानपणी त्यांच्यात वाढला, त्यांची भाषा बोलायचा, पण तसं त्याने कुठं लिहिल्याचा पुरावा नाही. मेव्हण्याच्या हाती हा एक मुद्दा लागला की बाकी सगळं तो वाहूनच नेतो.