राजासॉरस परवडेल, आयसीसॉरस परवडणार नाही

आपला प्रश्न असा आहे की, चंद्रपूर जिल्ह्यात डायनासोरचे जीवाश्म सापडतात, तर उद्या असे प्राणी खरोखरच जिवंत मिळाले आणि तिथे त्यांचे आधुनिक प्राणीसंग्रहालय काढले, तर त्यांची देखभाल कशी करावी लागेल आणि त्यात मांसाहारी डायनासोर सर्वांत अवघड जाईल का? मी वन्यप्राण्यांचा पशुवैद्यक आहे, त्यामुळे कुंपणापेक्षा चारा, शेण, पाय आणि औषधे यांच्या अंगाने उत्तर देतो. प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घ्यायचा तर उत्तर ‘नाही’ असे आहे. शिकारी प्राणी सांभाळणे हे मुख्यतः शिस्तीचे काम आहे. खरी दमछाक होईल ती शाकाहारी प्राण्याची पोटपूजा करताना.

हे सारे कल्पनेतच राहणार, हे आपणही जाणताच. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचा, ग्रीनलँडच्या गाळातला आहे आणि डायनासोर संपले त्याला 6 कोटी 60 लाख वर्षे झाली. तरीही कल्पना करायचीच तर आपल्याकडच्याच दोन प्राण्यांची करू. पहिला आयसीसॉरस, लांब मानेचा शाकाहारी टायटॅनोसॉर, ज्याचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीवर मिळाले. दुसरा राजासॉरस, गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोली परिसरात सापडलेला आणि 2003 मध्ये नाव मिळालेला शिकारी. दोघांच्या वजनाचे अंदाज अभ्यासकांगणिक बदलतात. मी हिशोबापुरते आयसीसॉरसचे वजन 15 टन आणि राजासॉरसचे दीड टन धरतो.

राजासॉरसला रोज किती मांस द्यायचे, हा पहिला प्रश्न. प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, त्यापेक्षा सावकाश वाढते, हे सूत्र सस्तन प्राण्यांना बऱ्यापैकी लागू पडते. 200 किलोच्या वाघाला दिवसाला 10 किलो मांस धरले, तर त्या सूत्राने दीड टनाच्या प्राण्याला 45 किलोंच्या आसपास लागेल. पण त्याचे शरीर मगरीसारखे चालत असेल, तर ही गरज एकदशांशावर, म्हणजे चार-पाच किलोंवर येईल. एवढी तफावत कागदावर मिटत नाही. ती मिटवायची रीत साधी आहे: कमी मापापासून सुरुवात करायची, उसाच्या गाड्या तोलतात तसा वजनकाटा त्याच्या रात्रीच्या पिंजऱ्याच्या वाटेवरच बसवायचा आणि दर आठवड्याचा आकडा वहीत लिहायचा. बंदिवासातले शिकारी प्राणी उपासमारीपेक्षा अतिखाण्याने जास्त बिघडतात. आपल्याकडे वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याची प्रथा आहे ती त्यामुळेच. शिवाय नुसते तासलेले मांस देऊन भागणार नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडे वाकतात. हाडांसकट तुकडे किंवा अख्खे धड द्यावे लागेल.

ते धड कुठून आले, याकडे मी सर्वांत बारकाईने पाहीन. आपल्याकडची गिधाडे नव्वदच्या दशकापासून झपाट्याने नाहीशी झाली, त्यामागे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक होते, हे 2004 मध्ये स्पष्ट झाले. हे औषध टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसे. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. राजासॉरस हा पक्ष्यांचा जवळचा नातलग आहे. त्याच्या मूत्रपिंडांना काय सोसते हे त्याच्यावर प्रयोग करून शिकण्याची माझी तयारी नाही. म्हणून त्याच्या खाद्यासाठी म्हशी वेगळ्या पाळाव्या लागतील, प्रत्येकीला दिलेल्या औषधाची नोंद ठेवावी लागेल आणि सूज-वेदनेवर गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलोक्सिकॅमच वापरावे लागेल.

कोंबडी स्वस्त पडते, पण मी ती देणार नाही. थायलंडमध्ये 2004 साली कच्च्या कोंबड्यांतून बर्ड फ्लू वाघांपर्यंत पोहोचला आणि नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात 2024 च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. सस्तन प्राण्यांची ही गत, तर पक्ष्यांच्या भावकीतल्या प्राण्याचे काय होईल? कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लशीचाही विचार करावा लागेल. एवढेच नव्हे, तर मी पिंजऱ्याच्या छपरावर कबुतरेही बसू देणार नाही. टायरॅनोसॉरसच्या काही जबड्यांवर जी भोके दिसतात, ती कबुतरांच्या घशात होणाऱ्या ट्रायकोमोनास परजीवीच्या रोगासारखी आहेत, असे एका संशोधकगटाने 2009 मध्ये मांडले आणि शिकागोच्या संग्रहालयातली प्रसिद्ध टायरॅनोसॉरस ‘सू’ बहुधा अशाच दुखण्याने खाणे सुटून मेली असावी, असा त्यांचा कयास आहे. कबुतरांना दाणे टाकून पुण्य जोडणाऱ्या प्रेक्षकांना आवरणे हे मात्र राजासॉरसला आवरण्यापेक्षा कठीण जाईल.

आता आयसीसॉरस. त्याची अडचण तो अंड्यातून बाहेर येतो त्या दिवसापासून सुरू होते. पाला आणि गवत पचवण्याचे काम प्राणी स्वतः करत नाही, त्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात आणि ते जन्मतः पोटात नसतात. हत्तीचे पिल्लू आईचे शेण खाऊन ते मिळवते. हिरव्या इग्वानाची पिल्ले आधी माती आणि नंतर मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात, असे दिसून आले आहे. आपल्या पिल्लाला आईच नाही आणि तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तर तिच्याबरोबरच संपले. हत्तीचे, शहामृगाचे आणि इग्वानाचे ताजे शेण तपासून, त्यात रोगजंतू व जंतांची अंडी नाहीत याची खात्री करून, थोडे थोडे कोवळ्या पाल्यात कालवून द्यावे लागेल आणि यांतले कोणते सूक्ष्मजीव त्या पोटात रुजतात, याची वाट पाहावी लागेल. माझ्या मते हा प्रकल्प फसलाच तर इथे, पहिल्या काही आठवड्यांत फसेल. पोट फुगलेले, मान टाकलेले पिल्लू हे दृश्य कोणत्याही पशुवैद्याला नको असते, कारण अशा वेळी हाती फारसे उपाय उरलेले नसतात.

पिल्लू जगले, तर त्याला काय घालायचे याचे उत्तर चंद्रपूरच्याच मातीत आहे, ही मला या प्रश्नातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावाच्या शिवारात दगड झालेले शेणाचे गोळे मिळतात आणि ते टायटॅनोसॉरचे असावेत असे मानले जाते. 2005 मध्ये त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. डायनासोरांच्या काळात गवत होते, याचा तो मोठा पुरावा ठरला. पुढे 2011 मध्ये त्यांतले काही कण भाताच्या कुळाशी जुळत असल्याचे दाखवले गेले. पूर्व विदर्भ भाताचा मुलूख असल्यामुळे तणस (भाताचा पेंढा) लगेच मिळेल, म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. त्या शेणात ताडवर्गीय, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही अवशेष आहेत आणि गवत हा त्यातला एक भाग आहे. तणसात पोषण कमी आणि सिलिका जास्त. पोट भरायला ते ठीक, त्यावर प्राणी वाढणार नाही. मी मुख्य भर वड, उंबर, पिंपळ यांच्या फांद्यांवर आणि हत्तीगवतावर ठेवीन. जुन्या वनस्पती म्हणून हौसेने सायकस लावणाऱ्यांना मात्र रोखीन. त्यात विष असते, शिवाय प्रयोगशाळेत जेव्हा अशा वनस्पती आंबवून पाहिल्या, तेव्हा अश्वपुच्छ वनस्पतीतून बरीच ऊर्जा मिळाली, पण सायकसमधून फारच कमी. चारा दळायला पोटात दगड लागतील म्हणून गोटे टाकण्याचीही गरज नाही. पक्ष्यांच्या पोटातल्या पेषणीसारखी दळण्याची सोय या लांबमान्या डायनासोरांत नव्हती, असेच आता मानले जाते. ते न चावता गिळत आणि अन्न पोटात दीर्घकाळ आंबवत.

प्रमाणाचा हिशोब मात्र धडकी भरवतो. पाच टनांचा हत्ती दिवसाला सुमारे 150 किलो चारा खातो, त्यावरून मघाचेच सूत्र लावले तर 15 टनांना 340 किलो लागतील. हत्ती खाल्लेल्यातले निम्म्याहून कमी पचवतो, म्हणजे एका आयसीसॉरसमागे रोज ट्रॉलीभर शेण. आणि हा प्राणी एकटा ठेवता येणार नाही, निदान तीन-चार तरी लागतील, कारण टायटॅनोसॉरची घरटी मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात दाटीने, एकमेकांजवळ सापडली आहेत आणि त्यावरून मोठ्या संख्येने एकत्र येणे त्यांच्या अंगवळणी असावे. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्ये प्राणीसंग्रहालयांतले हत्ती शिबिरांत हलवण्यास सांगितले ते जागा अपुरी पडते म्हणून. ज्या देशाला हत्तीसाठी जागा पुरली नाही, तिथे त्याच्या तिप्पट वजनाचा कळप कुठे ठेवायचा?

जागेइतकीच जमीनही महत्त्वाची. बंदिवासातल्या हत्तींना जेरीस आणतात ते पाय: काँक्रीटवर उभे राहून नखे तडकतात, भेगांत घाण शिरते, गळू होते आणि ते हाडापर्यंत गेले की प्राणी हातचा जातो. टायटॅनोसॉरच्या पुढच्या पायांना बोटांची हाडेच नव्हती. तो तळव्याच्या उभ्या हाडांच्या खांबावर सारा भार घेई. त्या पायांची नखे कापण्याची कटकट नाही, पण तळव्याखालची गादी एकदा सोलवटली की भार टाकायला दुसरे काही नाही. वरोऱ्याकडची काळी माती उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात त्याच जागी रुतायला होते. म्हणून वावराच्या मोठ्या भागातली काळी माती उकरून, निचऱ्याची दगडी भर घालून, वर मुरूम आणि त्यावर जाड थर वाळूचा असे करावे लागेल. खर्चात हे कुंपणापेक्षा पुढे जाईल.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याची मला मात्र तितकी काळजी वाटत नाही. लांबमान्या डायनासोरांच्या दातांच्या रसायनावरून त्यांच्या शरीराचे तापमान 36 ते 38 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे असे 2011 मध्ये दिसून आले. या प्राण्याची अडचण ऊब टिकवण्याची नसून ती बाहेर टाकण्याची आहे. दाट सावली, चिखलाचा डोह आणि दुपारी प्रेक्षकांना बंदी एवढे केले, तर तो निभावून नेईल.

औषधोपचाराबाबत माझी एकच अट राहील: आयसीसॉरसला पूर्ण भूल द्यायची नाही. हत्ती भुलेखाली पोटावर बसला तर स्वतःच्याच वजनाने त्याचा श्वास कोंडतो, म्हणून त्याला तातडीने कुशीवर ढकलावे लागते. 15 टनांना कोण ढकलणार? त्यातून या प्राण्याच्या मणक्यांत हवेच्या पिशव्यांच्या पोकळ्या आहेत, म्हणजे त्याचा श्वसनमार्ग पक्ष्यासारखा असण्याची शक्यता मोठी; तिथे सस्तन प्राण्यांची भुलेची मात्रा आणि निरीक्षणाचे ठोकताळे दोन्ही लागू पडत नाहीत. त्यापेक्षा पिल्लू असल्यापासून शिकवणे बरे. चेन्नईजवळच्या मगर संवर्धन केंद्रात मगरी नाव पुकारल्यावर पुढे येतात. मग इथे का जमू नये? काठीच्या टोकाला लावलेल्या रंगीत चेंडूला तोंड लावले की उंबराची फांदी मिळते, हे एकदा कळले की प्राणी स्वतःहून लोखंडी खांबांच्या गल्लीत येऊन उभा राहतो. तिथे शेपटीच्या खालच्या बाजूची रक्तवाहिनी शोधायची, मगरीचे रक्त काढतो तशी, पण मध्ये जाडजूड आडवा अडसर ठेवून, कारण त्या शेपटीचा सहज फटकाही माणसाच्या बरगड्या मोडायला पुरेल. पाय दाखवायला, तोंड उघडायला आणि सुई टोचताना स्थिर राहायला शिकलेला प्राणी पशुवैद्यकाचे निम्मे काम वाचवतो. कोणीही, कितीही जुना माणूस असला तरी, अडसराच्या आत जाणार नाही, हा नियम आयसीसॉरसलाही राजासॉरसइतकाच कडक ठेवावा लागेल, कारण पाळलेल्या हत्तीखाली माणसे मेली ती बहुधा त्याच्याशी सलगी असलेलीच.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत हे प्राणी नाहीत, त्यामुळे परवानगीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकेल हे सांगता येत नाही, पण अडकेल हे नक्की. शवविच्छेदनाची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. हत्तीच्या शवविच्छेदनालाच दिवस जातो. कोकण किनाऱ्यावर देवमासा लागला की जेसीबीने खड्डा खणून पुरतात, तशीच व्यवस्था आवारात, विहिरी आणि ओढ्यापासून दूर, आधीच आखून ठेवावी. मे महिन्यात आयसीसॉरस मेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आतड्यांचे आणि सूक्ष्मजीवांचे नमुने घेऊन झालेले असले पाहिजेत. त्यानंतर त्यांचा उपयोग राहणार नाही आणि पुढच्या पिल्लाच्या पाल्यात काय कालवायचे हे आपल्याला त्याच नमुन्यांतून कळणार आहे.