नुसते पैसेच वाटायचे का?

प्रश्न: मायक्रोबायोलॉजीत पीएचडी झालीय, एका फाउंडेशनच्या ग्रँट टीमकडून ऑफर आहे. घरचे म्हणतात, दुसऱ्याचे पैसे वाटायला एवढं शिकलीस का? जाऊ का?

उत्तर: अगं, वाटणं सोपं असतं तर काय हवं होतं! पुण्याचंच बघ ना, २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या लशीसाठी ७ कोटी डॉलर दिले, पाथ (आरोग्यावर काम करणारी संस्था) आणि डब्ल्यूएचओने तिकडच्या लोकांना आधी विचारलं की परवडेल किती, तर डोसला ५० सेंटच्या आत, मोठ्या कंपन्या त्या भावात येईनात, शेवटी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि बुर्किना फासोत मोहीम सुरू व्हायला डिसेंबर २०१० उजाडला. एवढा धीर आहे का, ते बघ.

बाकी रोजचं काम म्हणजे एक्सेल. बजेटमध्ये फ्रीजर असतो पण जनरेटरचं डिझेल नसतं, आणि ते लॅबमध्ये राबलेल्या माणसालाच पटकन दिसतं. त्रास एकच, पैसे तुझ्या हातात म्हणून तोंडावर सगळे गोडच बोलणार (हे मला फार उशिरा कळलं). इंटरव्ह्यूत बिनधास्त विचार, फसलेल्या ग्रँटचं तुम्ही पुढे काय करता?