मेटल डिटेक्टिंगमध्ये महिनोन्‌महिने काहीच सापडत नसेल, तर उत्साह कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये बर्कशरला राहता, मशीन घेऊन वर्ष होत आलं, एका शेतकऱ्याने शेतात फिरायची परवानगीही दिली. पण खिळे, काडतुसांची पितळी बुडं आणि फॉइलचे तुकडे यापलीकडे काही हाती लागत नाही आणि आता रविवारी सकाळी उठून जावंसंच वाटत नाही. शिवाय विचारलंय, की डिसेंबरात साताऱ्याला गेल्यावर किल्ल्यांच्या आसपास थोडा सराव करावा का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. त्याचं कारण शेवटी सांगते.

आता पहिला. मी नॉर्थॅम्प्टनशरमध्ये राहते आणि बरीच वर्षं हे करते आहे. मन घट्ट करून, स्वतःला ढकलत शेतावर नेण्याचा फार उपयोग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भाकड महिन्यांना बहुतेक वेळा कारण असतं आणि ते जमिनीत, हंगामात किंवा मशीन फिरवण्याच्या पद्धतीत सापडतं. कारण कळलं की चिडचिड निम्मी होते. उरलेल्या निम्मीवर मला एकच उपाय माहीत आहे: शेतावर जाताना त्या शेताबद्दलचा एखादा प्रश्न घेऊन जायचं. ‘आज काहीतरी मिळू दे’ एवढंच मनात धरून गेलात तर रिकामा दिवस निव्वळ रिकामाच जातो. ‘या कोपऱ्यात पूर्वी घर होतं का?’ हे मनात असेल तर चार खिळे आणि एक विटेचा तुकडासुद्धा काहीतरी सांगतो.

आधी हंगामाचं बघा. इथला हिवाळी गहू सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. म्हणजे उभ्या पिकामुळे शेत बराच काळ बंद, आणि कापणीनंतर मिळतं ते धसकटांनी भरलेलं. धसकटांवरून कॉइल, म्हणजे मशीनची खालची गोल चकती, जमिनीलगत फिरत नाही, वर उचलली जाते, आणि तेवढी खोली हातची जाते. नुकतंच नांगरलेलं शेत त्याहून वाईट, कारण मोठमोठ्या ढेकळांमध्ये नुसती हवा असते. कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात लहान नाण्याचा सिग्नल सहसा क्षीण होतो. सगळ्यात चांगली जमीन म्हणजे पेरणी करून, रोलर फिरवून सपाट झालेली आणि पाऊस पडून मुरल्यावर वाफसा आलेली. पेरणीनंतर अंकुर वर येण्याआधी थोडे दिवस फिरू द्याल का, हे शेतकऱ्याला विचारा. काही जण देतात, काही नाही. तेच शेत ऑगस्टमध्ये मुकं असतं आणि ऑक्टोबरात बोलायला लागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुमच्या फॉइलच्या तुकड्यांबद्दल एक शंका आहे. ते सगळ्या शेतभर सारखे पसरलेत का? सोबत प्लॅस्टिकचे बारीक तुकडे, काचेचे कण दिसतात का? तसं असेल तर त्या शेतात ग्रीन वेस्ट टाकलेलं असू शकतं, म्हणजे घराघरांतून, बागांतून गोळा केलेल्या कचऱ्याचं खत. त्यात ॲल्युमिनियमचा चुरा येतो आणि मशीन सतत बडबडत राहतं. अशा शेतावर कितीही चिकाटी दाखवली तरी ती वाया जाते. शेतकऱ्याला सरळ विचारा आणि तसं असेल तर त्याच्याकडचं दुसरं शेत मागा. गवताचं कुरण मिळालं तर फारच छान. बऱ्याच जणांचा उत्साह एका खराब शेतापायी संपतो आणि दोष मात्र ते स्वतःला देत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खिळ्यांचं मात्र उलट आहे. खिळे खूप असतील तर तिथे माणसं राहिली होती, कुंपणं होती, घोडे होते. म्हणजे जागा चांगली आहे. अडचण एवढीच, की लोखंड शेजारच्या नाण्याचा आवाज गिळून टाकतं. मशीनमध्ये डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको असलेल्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय, वाढवून लोखंड गप्प केलंत, तर त्याच्या बगलेतलं चांदीचं नाणंही गप्प होण्याची शक्यता असते. हे ऐकून पटत नाही, करून बघावं लागतं. जुन्या नाण्यांच्या दुकानात चांदीची तीन पेनी मिळते, जेमतेम 16 मिलिमीटरची, फार महाग नसते. ती जमिनीवर ठेवा, शेजारी शेतातलाच एक गंजका खिळा ठेवा आणि कॉइल फिरवा. मग खिळा थोडा सरकवा. कोणत्या बाजूने आवाज येतो, कुठे तुटतो, कुठे अजिबात गायब होतो, हे कानात बसू द्या. डिस्क्रिमिनेशन उतरवा, रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर मशीन दुसरा किती लवकर ओळखतं ते) वाढवा, हात सावकाश करा आणि प्रत्येक संशयास्पद सिग्नल काटकोनात वळून पुन्हा ऐका. 11 इंची कॉइल असेल तर खिळ्यांच्या जागी 6 इंची लावा. दिवसभरात कमी जमीन होईल, होऊ द्या.

आता ज्यात मला खरा रस आहे ते. शेत पिकाखाली असतं तेव्हा मी नकाशे बघते. 1836 च्या टाइथ कायद्यानंतर (टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक गावांचे नकाशे तयार झाले. त्यांत प्रत्येक शेताला क्रमांक आहे आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कूळ, पीक आणि बहुधा शेताचं नावही. काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात ते बघायला मिळतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे एकोणिसाव्या शतकातले नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघता येतात. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा लायडार डेटा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेला जमिनीचा चढउतार, तोही फुकट आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे बांध आणि बुजलेले रस्ते उठून दिसतात. शेताचं नाव ‘चॅपल फील्ड’ किंवा ‘ब्लॅकलँड्स’ असलं तर माझे कान टवकारतात. आपल्याकडे जुन्या वस्तीची जागा पांढरीच्या मातीवरून ओळखतात, तशी इथे शतकानुशतकं माणसं राहिलेली जमीन आजूबाजूपेक्षा काळपट दिसते.

एका शेताचं सांगते. तिथे मी सापडलेली प्रत्येक वस्तू जीपीएसवरून नकाशावर टिपायचे, फेकून देण्यासारखी असली तरी. बटणं, बक्कलांचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, एक मेंढीच्या किंवा घोड्याच्या गळ्यातलं फुटकं घुंगरू, झिजून गुळगुळीत झालेले तांब्याचे अर्धे पेनी, ज्यांच्यावरचा राजा कोण तेही ओळखू येत नाही. एकेक वस्तू हातात घेतली तर काहीच नाही. पण हळूहळू नकाशावर ठिपक्यांची एक तिरकी ओळ दिसू लागली, कुंपणाच्या कोपऱ्यापासून थेट गावच्या चर्चच्या दिशेने. जुना नकाशा काढला, तर तिथे पायवाट दाखवलेली होती. आज तिथे सलग गहू असतो, वाटेचा मागमूस नाही. शेतकरी त्या घरातली चौथी पिढी, त्यालाही ठाऊक नव्हतं. तो आनंद मला कुठल्याही नाण्याने दिला नाही, आणि तो निव्वळ भंगारातून आला.

मग मी त्या ओळीला धरून, अगदी सावकाश, लोखंड ऐकत फिरू लागले. एका ठिकाणी पूर्वेकडून फिरवलं की बारीक, तुटका आवाज यायचा आणि उत्तरेकडून काहीच नाही. खड्डा खणला, माती बाहेर काढली, तरी खड्ड्यात काही नाही. ढेकूळ हातात घेऊन मधोमध फोडलं. आत करड्या रंगाची चंद्रकोर मातीला चिकटलेली, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी आणि इतकी पातळ की वजनच जाणवेना. पाण्याचा थेंब टाकल्यावर क्रूसाच्या दोन समांतर रेषा दिसल्या आणि नाणं बरोबर त्या दोन रेषांच्या मधून कापलेलं. तिसऱ्या हेन्रीची ‘लाँग क्रॉस’ पेनी, 1247 नंतरची. तेव्हा सुट्ट्या पैशांसाठी पेनीच कापून अर्धी किंवा पाव करायचे. 1279-80 मध्ये पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग (पाव पेनी) आणि हाफपेनी पाडायला सुरुवात केल्यावर ती गरज संपली. म्हणजे त्या वाटेने तेराव्या शतकात कुणीतरी बाजाराला किंवा चर्चला चाललं होतं आणि त्याचा अर्धा पेनी पडला. हा तुकडा शेजारच्या शेतात कुठेतरी एकटा सापडला असता तर मला त्यातलं काहीच कळलं नसतं.

म्हणून तुम्हाला माझा आग्रह आहे की उद्यापासून सगळं टिपा. नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी ग्रिड रेफरन्स म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे दहा मीटरचा. मोबाइलवर दहा आकडी सहज मिळतो. रिकामे पट्टेही टिपा. आणि तीनशे वर्षांपेक्षा जुनं काही वाटलं, तर लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याला, म्हणजे फाइंड्स लिएझॉन ऑफिसरला दाखवा. ही योजना 1997 पासून चालू आहे. शिशाचा एखादा बेढब गोळा तुम्ही भंगारात टाकणार असता आणि ती अधिकारी सांगते की हे चातीचं वजन आहे, कुणी तरी यावर सूत कातलं होतं. तुमच्या वस्तूची नोंद कायमची राहते, संशोधक ती वापरतात. खजिन्याच्या व्याख्येत बसणारं काही मिळालं, उदाहरणार्थ तीनशे वर्षांहून जुनी चांदीची दोन नाणी एकत्र, तर 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चौदा दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. शेतकऱ्याबरोबरचा वाटणीचा करारही आजच कागदावर करून टाका.

बातम्यांशी तुलना करू नका असं म्हणणार होते, पण एका बातमीशी जरूर करा. जर्सी बेटावर रेग मीड आणि रिचर्ड माइल्स या दोघांना 2012 मध्ये सुमारे 70,000 केल्टिक नाण्यांचा साठा मिळाला. इथे कधीतरी चांदीची नाणी निघाली होती एवढी कानावर आलेली गोष्ट, त्यावर ते तीस वर्षं शोधत होते, आणि तेही पीक निघाल्यावर वर्षातून मोजकेच तास. त्यांच्याकडे एक शेत आणि एक प्रश्न होता. गठ्ठा दिसल्यावर त्यांनी तो उपसला नाही, थांबून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. म्हणूनच तो अख्खा उचलता आला आणि पुढे प्रयोगशाळेत तीन वर्षं लावून एकेक नाणं सोडवता आलं. ती तीस वर्षं त्यांनी निव्वळ निश्चयाच्या बळावर काढली असतील असं मला वाटत नाही. त्यांना ते शेत आवडत असणार.

आणि कंटाळा आलाच, तर दोन महिने मशीन कपाटात ठेवा, त्यात काही गैर नाही. किंवा वादळानंतर ओहोटीला समुद्रकिनारी जा. तिथे कालपरवाची नाणी मिळतात, पण हात हलवत परत यायची वेळ क्वचितच येते, आणि कानाला सराव होतो. शेतात राणी व्हिक्टोरियाची 1860 नंतरची ब्राँझची पेनी निघाली तर तिलाही कमी लेखू नका. आपल्या घरांमधल्या डब्यांत जे राणीछाप रुपये जपून ठेवलेले असतात, त्यावरची राणी तीच.

आता साताऱ्याचं. भारतात 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. बरेचसे किल्ले केंद्र किंवा राज्य सरकारचं संरक्षित स्मारक आहेत आणि तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, नोंद न करता उकरलेली वस्तू गडाच्या इतिहासातून कायमची निघून जाते. मशीन बर्कशरलाच ठेवा. त्याऐवजी एक दिवस नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे ते बघा, किंवा मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं. हाताने ठोकून पाडलेल्या शिवराया नीट न्याहाळा: ठसा नाण्याच्या चकतीत पुरता मावत नाही, ‘श्री राजा शिव’मधली एकदोन अक्षरं कडेबाहेर जातात, आणि तरी उरलेल्या रेघांवरून नाणं ओळखता येतं. इंग्लंडमधली हॅमर्ड नाणी याच रीतीने पाडलेली आहेत आणि शेतात ती अशीच अर्धवट दिसतात.